गोळी कधी थांबवायची, कुसुम?

कुसुम,

तुझे भाचे परत जळगावला गेले. पोरांनी सगळं नीट केलं, कुठे कमी पडू दिलं नाही. जाताना थोरल्याने दवाखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मावशी, कपाटातल्या औषधांचं काय ते तुम्हीच बघा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही." मला तरी कुठे कळतं? पण मी मान हलवली. हल्ली कुणी काहीही म्हटलं की मी मान हलवते. बोलायला बळ लागतं, आणि ते सध्या मी शाळेपुरतं राखून ठेवते.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याचं दार उघडलं. आत कोंदट वास धरला होता, थोडी हवा लागावी म्हणून. तर ओट्यावर बायका बसलेल्या. तू गेलीस हे त्यांना ठाऊक होतं. त्यातल्या दोघी तर तुला पोचवायला गोमाई नदीच्या काठापर्यंत आल्या होत्या. तरी आपल्या सवयीने येऊन ओळीत बसल्या होत्या. एकीने पदराची गाठ सोडून रिकामी पुडी दाखवली.

"मास्तरीनबाई, मन्ही गोळी संपनी. आते काय करू?"

मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही गं. मला कुणाला औषध देता येत नाही."

"देऊ नका. पन बंद करू का चालू ठेवू, इतलं तरी सांगा."

बघ, जो प्रश्न मी तुला इतकी वर्षं विचारत होते, तोच ती मला विचारत होती. मी दाराची कडी धरून उभी राहिले. मला तुझा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला माहीत नव्हतं. येतो, आणि नेहमीसारखाच येतो, फक्त तो घेऊन जायला जागा नसते.

मी शहाद्याला मुलींच्या शाळेत लागले तेव्हा एकट्या बाईला बिऱ्हाड द्यायला कुणी तयार नव्हतं. तू दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या उघडून दिल्यास. म्हणालीस, "एकच अट आहे. संध्याकाळी माझ्याशी बोलायचं. दिवसभर मी लोकांचं कण्हणं ऐकते." तेव्हा तू जेमतेम तिशीची होतीस. पंचक्रोशीत दुसरी बाई-डॉक्टर नव्हती, त्यामुळे तापीकाठच्या गावांपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या बायका तुझ्याकडे यायच्या. संध्याकाळी आपण दोघी मागच्या पडवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन बसायचो. तू बोलायचीस, मी ऐकायची, मग मी बोलायची आणि तू बसल्या बसल्या पेंगायचीस. आपली मैत्री झाली ती अशी. भांडायला आपण बरंच नंतर लागलो.

भांडणाचं मूळ रेवात होतं. हे मला फार उशिरा समजलं.

ब्राह्मणपुरीच्या जमनाबाने तिला आणलं होतं. जमनाबा म्हणजे गुजर घरातली खंबीर बाई. घरचा कापूस, घरची केळी, आणि घर सगळं तिच्या शब्दावर चालणारं. रेवा तिची थोरली सून. पहिलटकरीण, मुलगा झालेला. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी आत पुड्या बांधायला बसले होते. जमनाबा म्हणाली, "जेवस नही, बोलस नही, पोरले जवळ लेस नही." रेवा खाली मान घालून बसली होती. जमनाबाने मूल तिच्या मांडीवर ठेवलं, तर तिने हात बाजूला घेतले, एखाद्याने चुकून दुसऱ्याचं गाठोडं आपल्या पुढ्यात ठेवावं तसे.

तू तिला नीट तपासलंस. अंगात काही दोष सापडला नाही. रक्तवाढीचं औषध दिलंस, झोपेचं मिश्रण दिलंस, आणि म्हणालीस, "बाळंतपणाचा थकवा आहे. माहेरी पाठवा. आईच्या हाताखाली राहिली की महिन्या-दीड महिन्यात हसायला लागेल." त्या वेळी कुणाही चांगल्या डॉक्टरने हेच सांगितलं असतं. मीही मनात म्हटलं, किती शहाणा सल्ला दिला.

रेवा माहेरी गेली आणि खायची थांबली. आईने भरवलं तरी घास गालात धरून ठेवायची. कापूस वेचून व्हायच्या आत ती गेली. ते सांगायला जमनाबा स्वतः आली. ना रडली, ना बोल लावला. "तुम्हना काय दोष नही, बाई. तिनं तितलंच व्हतं." एवढं बोलून ती गाडीत बसून निघून गेली. तू त्या दिवशी उरलेले सगळे रोगी तपासलेस. संध्याकाळी भाकरी पुढ्यात घेऊन बसलीस आणि म्हणालीस, "मी तिला माहेरी नाही पाठवलं, इंदू. माझ्या डोळ्यांआड पाठवलं."

मी म्हटलं, असं काही मनात आणू नकोस. तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. मला वाटलं, विसरलीस.

मग काही वर्षांनी, नवं राज्य झालं त्या सुमारास, धुळ्याहून औषध कंपनीचा तो माणूस आला. चामड्याची पिशवी, गळ्यात टाय, आणि धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. उदासीवर नवीन गोळी निघाली आहे असं त्याने सांगितलं. एरवी तू अशा लोकांना दारातूनच चहा पाजून वाटेला लावायचीस. त्या दिवशी त्याची बस चुकेपर्यंत तू त्याला प्रश्न विचारत राहिलीस. संध्याकाळी त्याने दिलेलं माहितीपत्रक घेऊन तू पडवीत आलीस आणि मला मराठीत समजावून वाचून दाखवू लागलीस. अन्नावरची वासना जाते. झोप जाते. जवळच्या माणसाबद्दल काही वाटेनासं होतं, पोटच्या पोराबद्दलसुद्धा. वाचता वाचता थांबलीस. "इंदू, ही रेवा आहे."

"पण तेव्हा ही गोळी आपल्याकडे नव्हती ना," मी म्हटलं.

"गोळी नव्हती. आजार तर होता? मी त्याला थकवा म्हटलं."

तू ते माहितीपत्रक घडी करून औषधांच्या कपाटात ठेवलंस.

वर्ष उलटलं असेल नसेल, जमनाबा पुन्हा आली. या खेपेला धाकटी सून मंगू बरोबर होती. बाळंतपण, आणि तेच सगळं. जमनाबा उंबऱ्याच्या आतही आली नाही, तिथेच उभी राहून म्हणाली, "मागलीले उशीर व्हयना, बाई. हिले नको व्हवाले."  तिला मी तशी पहिल्यांदाच बघत होते.

तू मंगूला ती गोळी सुरू केलीस. जमनाबाला बजावलंस, "पहिले दोन-तीन आठवडे काही दिसणार नाही. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही. तरी सोडायची नाही आणि हिला एकटं ठेवायचं नाही." आणि तू स्वतः ब्राह्मणपुरीला जात राहिलीस. मिळेल त्या गाडीने, एकदा तर उसाच्या गाडीवर बसून. मला आठवतं, त्या दिवसांत तू जेवताना माझ्याकडे न बघता बोलायचीस.

मग एका बाजाराच्या दिवशी जमनाबा केळ्यांचा घड घेऊन आली. तोंडभर हसत होती. "डाक्टरीनबाई, सून मन्हासंगे भांडनी! भाजीमा मीठ जास्त पडनं म्हने. मन्हा तोंडवर म्हने!" तू इतकी हसलीस की रांगेतल्या बायकाही काही न कळता हसायला लागल्या. मग तू पडद्यामागे गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस.

मंगूच्या बाबतीत मी तुझ्याशी कधी वाद घातला नाही, हे तुला मान्य करावं लागेल. मेलेलं माणूस परत आल्यासारखी ती पोरगी परत आली. मी डोळ्यांनी पाहिलं.

पण मग तू थांबली नाहीस, कुसुम.

मॅट्रिकला नापास झालेली पोर आली, तिला गोळी. नवरा वारलेली बाई आली, महिनाही झाला नव्हता, तिला गोळी. सासूशी पटत नाही, डोकं धरतं, तिला गोळी. एकीच्या पाठीवर वळ होते. ती तुला वळ दाखवायला आली नव्हती, झोप येत नाही म्हणून आली होती. तिलाही तीच दिलीस. त्या संध्याकाळी मी विचारलं, "नवरा मारतो, त्याला गोळी काय करणार?"

"मार सोसावा म्हणून नाही देत. झोप लागावी म्हणून देते."

"झोप लागली की सोसलं जातंच."

तू हातातला घास ताटात ठेवलास आणि उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी तू त्या बाईच्या भावाला निरोप धाडलास, ये आणि बहिणीला घेऊन जा म्हणून. मला सांगितलं नाहीस. मला ते बाजारात कळलं. तुझी ही सवय जुनीच. माझं पटलं की ते गुपचूप करून टाकायचं, आणि माझ्यापुढे मात्र हेका सोडायचा नाही.

आणि हाजराबी. तिच्यावरून आपण किती भांडलो. पिंजाऱ्याच्या घरातली. नवरा कापूस पिंजायचा आणि ही गाद्या-रजया शिवायची. एकुलता मुलगा नवापूरहून गाडीत बसून सुरतेला गेला, गिरणीत लागतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच. ना चिठ्ठी, ना निरोप. हिची झोप उडाली. कुणीतरी तिला तुझ्याकडे आणलं. ती तुला म्हणाली होती, "मेरेकू कुछ नहीं हुआ, डाक्टरीनबाई. मेरा छोरा गया, बस." आपल्या तोंडाने रोग सांगून मोकळी झाली होती बिचारी. तरी तू गोळी दिलीस. ती झोपायला लागली. रजया पुन्हा शिवायला लागली. मुलाचं नाव काढेनाशी झाली. तू म्हणालीस, बरी झाली. मी म्हटलं, गप्प झाली.

"तिला मुलगा हवाय, गोळी नको."

"मुलगा माझ्या कपाटात नाही, इंदू. गोळी आहे."

उत्तर चोख होतं. म्हणूनच मी जास्त चिडले. "मग निदान किती दिवस, ते तरी सांग. वर्ष? दोन वर्षं? जन्मभर? सुरू तू करतेस, थांबवायचं कुणी?"

त्यावर तू जे म्हणालीस ते मी विसरलेले नाही. "ओट्यावर रोज इतक्या जणी येतात. सगळ्या थकलेल्या, सगळ्यांची झोप गेलेली. त्यांतली एखादी रेवा असते. ती कोणती, हे मला ओळखता आलं नाही तर?"

"म्हणून बाकीच्या सगळ्यांनी तिच्यापायी गोळी खायची?"

"हो," तू म्हणालीस. नुसतं हो. तेव्हा मला कळलं की तू वाद घालत नाहीस, तू घाबरलेली आहेस. भ्यायलेल्या माणसाशी काय वाद घालायचा? पण मी घातलाच. मास्तरकीची खोड.

मग माझी पाळी आली. चीनच्या लढाईचा तो हिवाळा. माझा दादा नवापूरला रेल्वेत होता. तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मी जाऊन आले, सुट्टी संपली, शाळेत रुजू झाले. फळ्यासमोर उभी राहायची आणि काय लिहायचं होतं तेच आठवायचं नाही. हातात खडू घेऊन तशीच. मुली आधी हसायच्या, मग हसेनाशा झाल्या. मोठ्या बाईंनी तुझ्या कानावर घातलं असावं. एके दिवशी जेवायला बसले तर पाण्याच्या भांड्याशेजारी ती गोळी ठेवलेली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू भाकरी मोडत होतीस. मी गोळी घेतली.

खरं सांगायचं तर तिने काम केलं. जिभेची कोरडी चिंधी झाली, फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा, पण झोप लागली, पाठ आठवायला लागले, मी उभी राहिले. फक्त डोक्याभोवती कुणीतरी पिंजलेला कापूस गुंडाळल्यासारखं व्हायचं. दादाच्या वर्षश्राद्धाला गेले. वहिनी हंबरडा फोडून रडली, आणि मी पंक्तीत भात वाढत होते. भात मऊ झालाय का गिचका, एवढंच माझ्या डोक्यात. परत आल्यावर मी तुला म्हटलं, "उद्यापासून मी घेणार नाही."

"एकदम सोडू नकोस."

"मला दादासाठी रडायचं होतं. तू ते माझ्याकडून काढून घेतलंस."

"आणि शाळेत उभी राहिलीस, ते?"

"तेही तूच केलंस. पण मला विचारलं होतंस का?"

 मग कित्येक दिवस आपण एका घरात राहून मुक्या. पण रोज जेवताना भांड्याशेजारी गोळी असायची, आणि ती दिवसेंदिवस लहान होत गेली. आधी पाऊण, मग अर्धी. तू ती सुरीने कापून ठेवत होतीस. अबोल्यातसुद्धा तुझा हात चुकला नाही. शेवटी एके दिवशी भांड्याशेजारी काहीच नव्हतं. त्यानंतर केव्हातरी बाजारात एक अनोळखी माणूस आपल्या बहिणीला "ए तायडे" म्हणून हाक मारताना ऐकला, अगदी दादासारखी, आणि मी भाजीवालीपुढे बसून रडले. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "चला, सुटलीस." माझ्यापेक्षा तुझाच जीव भांड्यात पडला होता.

मी तेव्हा आजारी होते की नुसती दुःखी, हे मला अजून माहीत नाही. तुलाही नव्हतं. गोळी नसती तर मी उठले असते की नसते, हे आता कोण सांगणार? त्यावर आपण पुन्हा पुन्हा भांडलो, आणि आता ते भांडण तसंच राहिलं.

अलीकडे तू फार थकली होतीस. पाय सुजायचे. दोन पायऱ्या चढल्या की थांबून उगीच भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायचीस, मला दम लागलेला कळू नये म्हणून. धुळ्याला जाऊन छाती दाखव म्हटलं की हसायचीस. या हिवाळ्यात एकदा मी पुन्हा तेच काढलं, हाजराबीचं काय केलंस म्हणून. तेव्हा पहिल्यांदाच तू हेका सोडून बोललीस. "सुरू करायला मला दोन मिनिटं लागतात, इंदू. बंद करायचं म्हणजे तिला बसवून सगळं ऐकायला लागतं. एक दिवस नाही, रोज. ओट्यावर तिच्यामागे इतक्या जणी बसलेल्या असतात. मी एकटी आहे गं." मी विचारलं, "तू स्वतः कधी घेतलीस का ती गोळी?" तू म्हणालीस, "मला उदास व्हायला वेळ कुठे आहे?" हे काही उत्तर नव्हतं. मी पुढे विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी दार वाजवलं.

तू गेलीस तीही रोगी तपासता तपासता. एक बाई उठून गेली, दुसरी आत आली, तेवढ्यात तू खुर्चीत मान टेकवलीस. त्या बाईला वाटलं, डोळा लागला. ती बाहेर येऊन बाकीच्यांना म्हणाली, बाई दमल्या, थोडं निजू द्या. आणि त्या सगळ्या, कुसुम, लेकरांना गप्प करत, आवाज न करता, तुझी झोप होण्याची वाट बघत बसल्या. मी शाळेतून आले तेव्हाही बसल्या होत्या. एकीने तोंडावर बोट ठेवून मला खुणावलं, हळू.

आता त्या सकाळचं पुढचं सांगते. ओट्यावरच्या बायकांना मी म्हटलं, "आपल्या मनानं बंद करू नका. बाईंचा कंपाउंडर अजून महिनाभर येणार आहे, तोवर आठवड्याची पुडी त्याच्याकडून नेहमीसारखी घ्या. नंतर नंदुरबारला डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी स्वतः घेऊन जाईन." त्या गेल्या. दुपारी हाजराबी आली. मला वाटलं, हीही गोळीसाठी. तर ती आत येऊन तुझ्या खुर्चीपुढच्या स्टुलावर बसली, रोजची जागा असल्यासारखी.

"मेरी तो अब पाव पे आ गई थी," ती म्हणाली.

"काय?"

"गोली. पाव. दिवाली से डाक्टरीनबाई काट काट के देती थी."

मग तिने सांगितलं. दिवाळीपासून तू तिला रोज दुपारी बोलावत होतीस, दवाखाना बंद करून, मी शाळेत असताना. म्हणालीस, बोल. तिने विचारलं, क्या बोलूं? तू म्हणालीस, मुलाचं सांग. पहिले काही दिवस तिला काही सुचेना. मग बांध फुटला. तो लहानपणी काय खायचा, कसा पडला, कसा रुसून गेला. "मैं बोलती रहती और डाक्टरीनबाई बैठे बैठे सो जाती. मैं बोलतीच रहती. कभी मैं रोती तो उठ जाती."

मला हसू आलं. तू माझ्यापुढेही अशीच पेंगायचीस.

"मला कसं नाही कळलं?" मी म्हटलं.

हाजराबी पदर तोंडाला लावून म्हणाली, "बोलली थी, मास्तरीनबाई को मत बताना. उसकू पता चला तो साल भर मेरेकू सुनाएगी."

हो गं. ऐकवलं असतं. वर्षभर काय, जन्मभर ऐकवलं असतं. पण त्याआधी एकदा तुला मिठी मारली असती. ते तू करू दिलं नाहीस. दुपारची ती घटकाभर विश्रांती, तेवढीच तुझी होती. ती तू हिला दिलीस. मी दिवाळीपासून तुझ्या तोंडाकडे बघत होते, इतकी का थकते म्हणून.  मी हाजराबीसाठी चहा ठेवला.

काल आम्ही नंदुरबारला जाऊन आलो. हाजराबी, मंगू, आणि मंगूबरोबर जमनाबा. जमनाबा आता खूप वाकली आहे, तरी सुनेला एकटी सोडायला तयार नव्हती. मंगूचं तुला माहीतच आहे. मागच्या पावसाळ्यात तिला पुन्हा अंधारून आलं आणि तू पुन्हा गोळी सुरू केलीस. तू गेल्याचं कळल्यापासून जमनाबाला एकच धास्ती, हिची गोळी तुटली तर?

डॉक्टर तरुण आहे. वागायला चांगला आहे. पण बाहेर रांग. त्याने मंगूचं ऐकलं, जमनाबाचं त्याहून जास्त ऐकावं लागलं, आणि म्हणाला, "हिची आत्ता अजिबात थांबवायची नाही." जमनाबाने दोन्ही हात जोडले. मग त्याने हाजराबीकडे पाहिलं, त्याच गोळीचं विचारलं आणि लिहायला लागला. मी म्हटलं, "डॉक्टर, हिची कमी होत आली आहे. तिचं थोडं ऐकून घ्या."

त्याने दाराकडे पाहिलं. कुसुम, तू बघायचीस ना, तसंच. ती नजर मी ओळखते. रांग किती लांब आहे, आणि हिच्यामागे कोण असेल.

"थोडक्यात सांगा," तो म्हणाला.

हाजराबीने थोडक्यात सांगितलं नाही. सुरतेपासून सुरुवात केली. तो पेन हातात धरून ऐकत होता, मग त्याने पेन खाली ठेवलं. मध्येच मला विचारलं, "आपण यांच्या कोण?"

"कुणी नाही."

"मग डॉक्टरबाईंच्या?"

 मैत्रीण म्हटलं तर ते फार थोडं होत होतं. "आम्ही एका घरात राहत होतो," मी म्हटलं. "याच गोळीवरून भांडत होतो."

तो किंचित हसला. "कोण जिंकलं?"

मी मंगूकडे पाहिलं, हाजराबीकडे पाहिलं. "अजून चालू आहे," मी म्हटलं.

त्याने हाजराबीला पाव गोळी आणखी दोन आठवडे लिहून दिली, मग बंद. मी उठले नाही. विचारलं, "बंद केल्यावर पुन्हा झोप गेली तर?" तो म्हणाला, "तर लगेच या. आणि नाही गेली तरी एकदा दाखवून जा. दुपारी आणा, दुपारी गर्दी नसते." त्याने मंगूच्या कागदावरही खाली लिहिलं, पावसाळ्यापूर्वी पुन्हा ठरवणे. मी मागितलं म्हणून लिहिलं. तुझ्याकडून हे मला कधी वसूल करता आलं नाही.

तुला एक कबूल करते. मला सध्या गोळी नको आहे. अजून तरी नको. मला तुझ्यासाठी काय होतंय ते सगळं होऊ द्यायचं आहे. पण जर अन्न गोड लागेनासं झालं, फळ्यासमोर पुन्हा तशी उभी राहू लागले, तर मी त्याच्याकडे जाईन आणि देईल ते घेईन. हट्ट करणार नाही. तेवढं तुझं मला मान्य आहे.

परत येताना बस गावाबाहेर पडली तशी दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी लागल्या. नजर पोचेल तिथवर लाल. वारा आमच्या दिशेने होता. सगळी बस खोकायला लागली, कंडक्टर शिव्या द्यायला लागला, जमनाबाने मंगूच्या तोंडावर आपला पदर धरला. जो तो डोळे पुसत होता. मीही पुसत होते, आणि माझं पुसून होईना. तापी आली, मिरच्या मागे राहिल्या, माणसं पुन्हा गप्पा मारायला लागली, तरी माझं चालूच.

हाजराबीने वळून माझ्याकडे पाहिलं. "बहुत तेज मिर्ची है इस साल," ती म्हणाली.

"नाही गं," मी म्हटलं, "मिरची नाही."

ती सरकून जवळ आली आणि तिने शहादा येईपर्यंत माझा हात धरून ठेवला.

तुझी,
इंदू